मराठवाड्यातल्या लेकरांना त्सुनामी कशाला शिकवायची? सहलीआधीची प्रश्नोत्तरे

नववीची सहल गणपतीपुळ्याला न्यायचीय. लेकरांना त्सुनामीचं सांगू म्हटलं तर स्टाफरूममध्ये हसायलेत, इथं नळाला दहा दिवसाआड पाणी अन् तुम्ही लाटांचं काय सांगता म्हणतात. सांगावं का? (एक सर, सेलू)

सांगाच सर. उलट आपल्याच लेकरांना जास्त सांगावं लागतं, कारण किल्लारीनंतर आपल्याकडं घराघरात एकच गोष्ट डोक्यात बसलीय की जमीन हलली की पळत मोकळ्या जागेत जायचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली, त्यामुळं ते बसणारच. पण समुद्रकाठी सगळ्यात मोकळी जागा कोणती, तर वाळूचा किनारा! तिथं जाऊन थांबलं की घात. म्हणून पुढची अर्धी गोष्ट शिकवा, हादरे थांबले की लगेच चढाला लागायचं, बॅगा-चपला जिथल्या तिथं सोडून. कोकणात बऱ्याच जागी डोंगर किनाऱ्याला खेटूनच असतो, तेवढं बरंय. 2004 च्या त्सुनामीत थायलंडमधल्या फुकेतच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाच्या 10 वर्षांच्या इंग्रज पोरीनं पाणी फेसाळताना बघून आईबापाच्या मागं लकडा लावला, दोनच आठवडे आधी वर्गात शिकली होती म्हणून, अन् किनारा वेळेत रिकामा झाला. शिकली ती भूगोलाच्या तासाला बरं का! आपल्याकडं तो तास गणितवाले मागून घेतात, असो.

आमच्याकडं हादरे बसतात, जमिनीतून आवाज येतात. सिद्धेश्वर धरणात त्सुनामी येणार असा व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतोय, खरंच येईल का? (अकरावीतली मुलगी, वसमत)

नाही गं. समुद्राचा तळ शेकडो किलोमीटर लांब फाटून वर उचलला जातो तेव्हा ती मोठी लाट उठते. 2004 ला सुमात्राजवळचा भूकंप 9.1 चा होता, जुलै 2024 चा हिंगोलीतला 4.5 चा. ते व्हॉट्सॲपवरचं डिलीट करून टाक.

पोरगा रत्नागिरीला नोकरीला आहे. मोबाईलवर मेसेज येईलच ना? (एक काका, निलंगा)

काका, हैदराबादला इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचं त्सुनामी इशारा केंद्र 2007 पासून चालू आहे. 2004 ला आपल्याकडं असं काही नव्हतं, लाट तमिळनाडूला पोचायला दोनेक तास लागले तरी किनाऱ्यावर कुणाला पत्ता नव्हता. कोकणाला मुख्य भीती मकरानची, म्हणजे पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याची, नोव्हेंबर 1945 ला तिथल्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती. एवढ्या लांबचा हादरा रत्नागिरीत कळेलच असं नाही, तिथं मेसेजच कामाला येतो, आला की निघायचं. पण पायाखाली जोरात हललं, समुद्र एकदम आत ओढला गेला किंवा विमानासारखा घोंघाट आला तर मेसेजची वाट बघू नको म्हणावं, अन् पाणी दरवेळी आधी आत जातंच असंही नाही. वर गेल्यावर पहिली लाट ओसरली म्हणून मोबाईल घेऊन शूटिंगला खाली यायचं नाही, मागची जास्त मोठी असू शकते, हे तासन्‌तास चालतं.

(पुन्हा सेलूचे सर) 40 लेकरं आहेत. आधी हजेरी घ्यायची का?

हजेरी वर गेल्यावर. जपानात तेंदेंको म्हणतात, एकमेकांसाठी न थांबता ज्यानं त्यानं वर पळायचं. 2011 च्या त्सुनामीत तिथल्या कामाइशी शहरातली मोठी पोरं बारक्यांचे हात धरून पळाली, ठरलेल्या जागी पोचल्यावर तीही सखल वाटली म्हणून अजून वर गेली. तुम्ही एवढंच करा, मुक्कामी उतरल्यावर जेवणाआधी सगळ्यांना जवळच्या चढावर चालवून आणा अन् घड्याळ लावा. फार वेळ लागला तर दुसरी वाट शोधा, हॉटेलवाल्याला विचारा, त्याला शॉर्टकट माहीत असतो.