राउटरला वेळ लावूनही मुलगा रात्री जागतो. त्याचे नेट कसे आवरावे?

ताई, वेंगुर्ल्याजवळच्या तुमच्या घरी आठवीतल्या मुलासाठी राउटरवर रात्री १० ची वेळ लावूनही तो एक-दीडपर्यंत जागा असतो आणि वडील मुंबईत असल्यामुळे फोन काढून घेणेही शक्य नाही, तेव्हा काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. मी देवगड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. माझे यजमानही मुंबईत नोकरीला आहेत आणि मुलगी नववीत असताना मी जवळजवळ वर्षभर याच प्रश्नाशी झगडले. त्या अनुभवातून लिहीत आहे.

सर्वांत आधी एवढेच पाहा, की तो बारा वाजण्याची वाट तर पाहत नाही ना. आपल्याकडच्या बहुतेक प्रीपेड पॅकमध्ये रोजचा दीड किंवा दोन जीबी डेटा मिळतो आणि तो मध्यरात्री नव्याने सुरू होतो. काही पॅकमध्ये तर रात्री १२ ते सकाळी ६ पर्यंतचा वापर मोजलाही जात नाही. राउटर बंद झाला, की मूल सिमच्या नेटवर जाते. दिवसाचा डेटा संध्याकाळीच संपलेला असेल, तर डोळे मिटून पडून राहते आणि बारा वाजले की पुन्हा फोन हातात घेते. माझी मुलगी साडेदहाला अंथरुणावर शांत पडलेली दिसे, म्हणून मी निर्धास्त होऊन झोपत असे. ती झोपलेली नसून बाराची वाट पाहत असते, हे माझ्या लक्षात यायला चार महिने लागले. तिचे नेट आवरायला लावलेल्या वेळेमुळेच तिचे जागरण मध्यरात्रीपलीकडे गेले होते, याचे मला आजही फार वाईट वाटते.

घरी फायबरचे नेट असेल, तर मुलाच्या सिममध्ये डेटाचा पॅक घालण्याची गरज नाही. दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्राय या सरकारी नियामक संस्थेच्या डिसेंबर २०२४ मधील आदेशानंतर मोबाइल कंपन्यांना केवळ कॉल आणि एसएमएससाठीचे रिचार्जही उपलब्ध करून द्यावे लागते. पुढच्या वेळी दुकानात तेच मागा. वडिलांचा फोन येत राहील आणि बाराचे आकर्षणही उरणार नाही.

आता राउटरकडे वळू. त्यात वेळ लावण्याची सोय असते, परंतु ती वेळ राउटरच्या स्वतःच्या घड्याळाप्रमाणे पाळली जाते आणि ते घड्याळ कोणत्या देशाचे आहे, हे कोणी तपासत नाही. आमच्याकडे रात्री १० ते सकाळी ६ अशी वेळ लावली असता नेट संध्याकाळी साडेसातलाच बंद पडू लागले. जोडणी करून देणाऱ्या मुलाने दोन वेळा येऊन वायर तपासली, पण दोष सापडला नाही. अखेरीस मीच सेटिंगचे पान उघडून पाहिले, तेव्हा वेळक्षेत्र चीनचे निघाले. ते आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, त्यामुळे राउटरचे दहा म्हणजे आपले साडेसात आणि राउटरचे सकाळचे सहा म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन. पहाटे साडेतीनला नेट परत येते, हे मुलीने माझ्या आधीच हेरले होते. शिवाय पावसाळ्यात आपल्याकडे लाइट किती वेळा जाते, ते तुम्हाला सांगायला नको. लाइट आल्यावर अनेक राउटर नेटवरून वेळ नव्याने घेतात आणि ती मिळेपर्यंत त्यांचे घड्याळ चुकीचे असू शकते. म्हणून वेळक्षेत्र +५:३० आहे ना, हे एकदा पाहून घ्या आणि मोठ्या वादळानंतर पुन्हा पाहा.

आणखी एक वाट मुलांना ठाऊक असते. राउटर प्रत्येक फोनला त्याच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे फोन वाय-फायला देतो त्या ओळखक्रमांकावरून, ओळखतो. ॲन्ड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायसाठी मूळ पत्त्याऐवजी बनावट पत्ता देतात. हा पर्याय फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये बदलता येतो आणि तो बदलला, की राउटरला तोच फोन नवा वाटतो. मग त्या फोनसाठी लावलेली वेळ निरुपयोगी ठरते. यावर मला सापडलेला सोपा उपाय असा, की पाहुण्यांसाठीचे वेगळे वाय-फाय सुरू करून मुलाला केवळ त्याचाच पासवर्ड द्यावा आणि झोपताना तेच बंद करावे. मुख्य पासवर्ड मात्र बदलावा लागेल, कारण जुना त्याला पाठ असणार. राउटर उघडण्याचा पासवर्डही कारखान्यातून आलेलाच ठेवू नका.

तुमच्या वाडीत फायबर पोहोचले नसेल आणि अभ्यासासाठी सिमचेच नेट असेल, तर कुलूप फोनलाच लावावे लागेल. ॲन्ड्रॉइडवर गुगलचे फॅमिली लिंक आणि आयफोनवर स्क्रीन टाइम, दोन्हींमध्ये ‘डाउनटाइम’ नावाची सोय आहे. ती वाय-फाय आणि मोबाइल डेटा दोन्हींवर सारखीच चालते. फॅमिली लिंकमध्ये फोनला कुलूप लागल्यावरही आलेला साधा कॉल घेता येतो, त्यामुळे वडिलांशी संपर्क तुटेल ही तुमची भीती दूर होईल. मात्र तुम्ही नव्याने केलेला बदल मुलाच्या फोनपर्यंत पोहोचायला त्या फोनला नेट असावे लागते. रेंजसाठी सड्यावर चढावे लागते अशा गावात ही अडचण खरी असते, म्हणून वेळ एकदाच नीट ठरवून लावा. रोज बदलत बसू नका.

इतके करूनही एक गोष्ट उरते, आणि माझ्या मते तीच मुख्य आहे. नेट थांबले म्हणजे फोन थांबतो असे नाही. संध्याकाळी उतरवून ठेवलेले व्हिडिओ आणि नेटशिवाय चालणारे खेळ अंथरुणात तितकेच जागे ठेवतात. म्हणून फोनची रात्रीची जागाच बदलावी लागते. आमच्या घरी ओटीवरच्या फळीवर चार्जर आहेत आणि रात्री ९ वाजता सर्व फोन तेथे जातात. सर्व म्हणजे माझाही. पहिल्या आठवड्यात मला स्वतःला किती जड गेले, ते मी मुलीला प्रामाणिकपणे सांगितले आणि त्यानंतर तिने वाद घातला नाही. रात्रीबेरात्री कोणाचा फोन आला, तर आवाज माजघरापर्यंत ऐकू येतो. गजर लावायला फोन हवा, हे कारण तुमचा मुलगाही सांगेल; त्याला एक साधे गजराचे घड्याळ आणून द्या.

झोपेचे गणित त्याच्यासोबत बसून मांडा. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी ८ ते १० तास झोप सांगितली आहे. वस्तीची गाडी पकडायला पावणेसहाला उठणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाला किमान आठ तास मिळायचे असतील, तर पावणेदहाला झोप लागायला हवी. येथे त्याच्याविषयी थोडी सहानुभूती बाळगा. वयात येताना शरीराचे घड्याळ आपोआप उशिराकडे सरकते आणि डोळ्यांवर पडणारा उजेड झोप आणणारे मेलाटोनिन आणखी लांबवतो. ‘आई, माका झोपच येना नाय’ असे माझी मुलगी म्हणत असे, तेव्हा ती खोटे बोलत नव्हती. राज्य शासनाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला, पण आठवीच्या मुलाला त्याचा लाभ नाही. पहिल्या तासाला बाकावर डोके टेकवणारी मुले मी रोज पाहते. त्यांना रागावण्याची माझी सवय आता सुटली आहे.

त्याच्याबरोबर रात्री आणखी कोण जागे असते, हेही विचारा. चौघांचा चमू करून खेळायचे खेळ असतील, तर एकट्या तुमच्या मुलाला बाहेर काढणे म्हणजे त्याला मित्रांपासून तोडणे होईल आणि तो कोणतीही वाट शोधून परत जाईल. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालील मुलांसाठी मध्यरात्री ते सकाळी ६ ऑनलाइन खेळ कायद्याने बंद केले होते. मुले आईवडिलांच्या ओळखक्रमांकाने खेळत राहिली, खेळ मोबाइलवर सरकले आणि २०२२ च्या प्रारंभी तो कायदा रद्द झाला. याउलट सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून संध्याकाळी ७ चा भोंगा वाजला, की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. तेथे बंदी सर्वांच्याच घरी असल्याने कोणा एका मुलाला ती शिक्षा वाटत नाही. आम्ही वाडीतल्या चार घरांनी एवढेच केले, की रात्री ९ ची वेळ एकमताने ठरवली. गणपतीत भजनाला एकत्र बसणाऱ्या बायकांना हे बोलायला अवघड गेले नाही. चौथ्या घरच्या आजींनी तर सर्वांत आधी होकार दिला.

क्वचित जागण्याचे कारण खेळ नसतेही. कोणी अनोळखी व्यक्ती मुलाला धमकावत असेल किंवा फोटो मागत असेल, तर तो भीतीने जागत राहतो. म्हणून कुलूप लावण्याआधी एकदा शांतपणे विचारा आणि उत्तर काहीही आले, तरी फोन हिसकावू नका. तसे केले तर तो पुन्हा सांगणार नाही. अशा वेळी १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास उपलब्ध असते.

गणपती, शिमगा, गावातला दशावतार आणि मे महिन्यात मुंबईहून येणारी भावंडे, या दिवसांत आमचा नियम सैल होतो. तो पुन्हा कोणत्या तारखेपासून लागू होईल, हे आम्ही आधीच ठरवून कॅलेंडरवर लिहून ठेवतो.

आता वडिलांच्या फोनविषयी. माझे यजमान रात्रपाळीच्या आधी, साडेदहाला व्हिडिओ कॉल करत आणि मुलीच्या हाती फोन राहण्याचे तेच सबळ कारण होते. मी त्यांना आठवडाभराचा हिशेब सांगितला, तेव्हा त्यांनी वेळ बदलून रात्री ८ केली. आता ते माझ्या फोनवर बोलतात आणि आम्ही तिघे एकत्र असतो. तुमच्या यजमानांशी हे बोलणे मुलाशी बोलण्याच्या आधी करा, कारण आई एक सांगते आणि बाबा दुसरे, हे मुलाला दिसले तर फळीवर ठेवलेला फोन दुसऱ्याच रात्री पुन्हा अंथरुणात जाईल.