कळा सुरू झाल्यावर एक गोळी घेतली की पुरे ना?

"मॅडम, माझी मावशी पूर्वी प्रसूतिगृहात आया होती. ती सांगते, कळा सुरू झाल्या की आईला एक गोळी देतात, बाळाला थोडं औषध पाजतात, झालं. मग मी ही रोजची गोळी कशाला घेऊ? त्या दिवशी एकदाच घेईन."

पहिलटकरीण, बत्तिसावा आठवडा. बाविसाव्या आठवड्यात एचआयव्हीचा अहवाल पॉझिटिव्ह आला आणि त्याच आठवड्यात गोळी सुरू झाली. (ओळख पटेल असे सारे तपशील इथे बदललेले आहेत.) असा प्रश्न विचारणाऱ्या बायका पुष्कळ असतात आणि "नाही, रोजच घ्यायची" एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही. ते व्हायलाही नको, कारण मावशी खोटे बोलत नव्हती. तिने पाहिलेले खरेच होते.

त्या एका गोळीची हकीकत अशी. युगांडातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरॅपिन या एचआयव्हीवरच्या औषधाची २०० मिलिग्रॅमची एकच गोळी आणि जन्मानंतर ७२ तासांच्या आत बाळाला वजनाच्या दर किलोला २ मिलिग्रॅम औषध एकदाच. झिडोव्हुडिन या एचआयव्हीवरच्या दुसऱ्या औषधाचा अगदी थोड्या दिवसांचा कोर्स दिलेल्या गटात साडेतीन महिन्यांच्या सुमारास २५.१ टक्के बाळांना लागण झालेली होती, नेव्हिरॅपिनच्या गटात १३.१ टक्के. म्हणजे धोका जवळपास निम्म्यावर आला. जिथे रोजची औषधे मिळण्याची आशाच नव्हती तिथे ही फार मोठी गोष्ट होती आणि अनेक बाळे तिने वाचवली.

पण शंभरातल्या तेरा बाळांना लागण होतच होती. शिवाय दुसरी अडचण होती. नेव्हिरॅपिन शरीरातून फार हळू बाहेर पडते. एका गोळीचा अंश दोन-तीन आठवडे रक्तात रेंगाळतो. विषाणू पूर्ण थांबवायला तो पुरत नाही, पण त्याला दाद न देणारे विषाणू निवडून वाढवायला पुरतो. त्यामुळे पुढे त्याच आईला उपचारांची गरज पडली की त्या जातीची औषधे तिच्यावर चालेनाशी होत. म्हणून एकट्या गोळीची पद्धत मागे पडली. २०१३ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात प्रत्येक गर्भवतीला तीन औषधांचा रोजचा उपचार आला, २०१५ पासून लागण झालेल्या प्रत्येकालाच.

हे सगळे ऐकल्यावर तिने विचारले, "पण लागण तर बाळंतपणातच होते ना?" बरीचशी तेव्हाच होते, हे खरे. बाळाला अंगावर पाजले नाही तर उरलेल्या लागणींपैकी सुमारे दोनतृतीयांश प्रसूतीच्या आसपास होतात. कळांच्या दाबाने वारेतून आईचे रक्त सूक्ष्म प्रमाणात बाळाकडे जाते, आणि बाहेर येताना बाळ आईच्या रक्ताच्या व योनीस्रावाच्या संपर्कात येते. काहीच उपचार नसतील तर गर्भारपण, प्रसूती आणि स्तनपान मिळून १५ ते ४५ टक्के बाळांना लागण होते. मात्र त्या काही तासांत बाळापर्यंत किती विषाणू पोहोचतील हे आईच्या रक्तात आणि स्रावात त्या दिवशी किती विषाणू आहेत यावर ठरते. ते कमी व्हायला आठवडे लागतात. कळा सुरू झाल्यावर आठवडे कुठून आणणार? म्हणून प्रसूतीच्या रात्रीचे औषध खरे तर आधीचे दोन-तीन महिने रोज रात्री घ्यावे लागते.

हे तिला पटले. पण गोळ्या मोजल्या तेव्हा वेगळेच दिसले.

तिला दहा आठवड्यांत ३० गोळ्यांच्या तीन बाटल्या दिल्या होत्या. ७० दिवसांत ७० गोळ्या जायला हव्या होत्या, म्हणजे २० उरायला हव्या होत्या. उरल्या होत्या ४७. घेतल्या फक्त ४३. सुरुवातीला तिचा व्हायरल लोड, म्हणजे एक मिलिलिटर रक्तातल्या विषाणूंचा आकडा, ३८,००० होता. दहा आठवड्यांनी तो २,४०० वर आला होता. गोळीत टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राव्हिर ५०, अशी तीन औषधे एकत्र. हे मिश्रण नीट घेतले तर बहुतेकींचा आकडा महिना-दोन महिन्यांत पन्नासच्या खाली जातो. इथे गेला नव्हता. अशा वेळी रागावण्यात काही अर्थ नसतो. "गोळी का चुकवली?" असे विचारले की उत्तर येते, "नाही चुकवली." त्याऐवजी "कालची गोळी कधी घेतली? तेव्हा आणखी काय घेतलं? पोटात काय होतं?" असे एकेक विचारत गेले की चित्र उलगडते.

उलगडले ते असे. ती सकाळी उठल्याबरोबर अनशेपोटी तीन गोळ्या एकदम घेत होती: एचआयव्हीची, लोहाची आणि कॅल्शियमची. मग मळमळ, कधी उलटी. दोष तिने दिला "मोठ्या आजाराच्या मोठ्या गोळीला", आणि जड गेलेल्या दिवशी चुकवलीही तीच. खरे तर रिकाम्या पोटी लोहाची गोळी मळमळ आणते, हे गर्भवतींमध्ये रोजचेच. दुसरे नुकसान तिला दिसणारे नव्हते. लोह आणि कॅल्शियम पोटात डोल्युटेग्राव्हिरला धरून बसतात आणि ते रक्तात पुरेसे उतरत नाही. म्हणजे ज्या ४३ दिवशी तिने गोळी घेतली त्यातलेही बरेचसे औषध वाया गेले.

उपाय वेळापत्रकाचा होता. सकाळी काही खाल्ल्यावर लोह, दुपारी दोनच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, आणि रात्री नऊला, जेवण झाल्यावर, ही गोळी. नियम असा: डोल्युटेग्राव्हिर लोह किंवा कॅल्शियमच्या दोन तास आधी घ्यावे, नाहीतर सहा तास नंतर, एकत्र घ्यायचेच असेल तर भरल्या पोटी. छातीतली जळजळ थांबवणाऱ्या मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या औषधांना मात्र जेवणाची सवलत नाही, तिथे अंतर ठेवावेच लागते. शेवटच्या महिन्यांत जळजळ वाढते आणि ते पातळ औषध बायका झोपताना घेतात, म्हणून हे मुद्दाम विचारावे. गोळी नऊला झाली की अकराला ते चालेल. क्षयाच्या उपचारात रिफॅम्पिसिन असेल तर डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा लागते. तो बदल डॉक्टरच करतात.

गोळी विसरली तर? आठवेल तेव्हा घ्यायची. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी राहिले असतील तर तेवढी सोडायची, दोन एकदम घ्यायच्या नाहीत. गोळीनंतर तासाभरात उलटी झाली तर पुन्हा एक.

तिच्या मनात आणखी एक भीती होती: "ही गोळी बाळाच्या मेंदूला बाधते असं वाचलं." त्यामागे कारण आहे. २०१८ मध्ये बोत्स्वानातल्या नोंदींत, गर्भधारणेच्या वेळी डोल्युटेग्राव्हिर घेणाऱ्या स्त्रियांच्या बाळांत मेंदू-मणक्याचे जन्मदोष जास्त दिसले होते. पुढे नोंदी वाढत गेल्या तसा तो फरक विरत गेला आणि आज हेच औषध गर्भवतींना पहिल्या पसंतीने दिले जाते. शिवाय ज्या मज्जानलिकेतून मेंदू आणि मणक्यातला मज्जारज्जू बनतो, ती गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत मिटते. तिची गोळी बाविसाव्या आठवड्यात सुरू झाली होती.

छत्तिसाव्या आठवड्यात व्हायरल लोड पुन्हा तपासला. ५० च्या खाली. ही तपासणी ३४ ते ३६ आठवड्यांच्या सुमारास व्हायलाच हवी, कारण प्रसूती कशी करायची आणि बाळाला कोणती औषधे द्यायची हे दोन्ही निर्णय तिच्यावर टेकलेले असतात.

"मग सिझेरियन नको?" या आकड्याला नको. विषाणू इतके दबलेले असताना शस्त्रक्रियेने बाळाचा धोका आणखी कमी होत नाही, आईचा मात्र वाढतो. आकडा १,००० च्या वर राहिला असता तर अनेक ठिकाणी ३८ व्या आठवड्यात, कळा सुरू होण्याआधी, ठरवून सिझेरियन करतात आणि त्याआधी तीन तास शिरेतून झिडोव्हुडिन सुरू करतात: पहिल्या तासात दर किलोला २ मिलिग्रॅम, नंतर नाळ बांधेपर्यंत तासाला दर किलोला १ मिलिग्रॅम.

प्रसूतीच्या पिशवीत तिने तीन गोष्टी ठेवल्या: गोळ्यांची बाटली, शेवटच्या व्हायरल लोडचा कागद आणि रात्री नऊचा गजर लावलेला फोन. बाटली आठवणीने, कारण कळांच्या दिवशी रोजची गोळी चुकण्याचे सर्वांत साधे कारण हे की ती घरी राहते. दुसरे कारण म्हणजे "तोंडाने काही घ्यायचं नाही" ही सूचना. ती अन्नासाठी असते. घोटभर पाण्याबरोबर रोजची गोळी घेता येते, आणि हे नर्सला आधीच विचारून ठेवावे. तिला कळा संध्याकाळी सुरू झाल्या, गोळी नऊला घेतली, मूल पहाटे झाले.

प्रसूती करणाऱ्यांना निदान माहीत असायलाच हवे. ते बाकी कोणाला कळण्याची गरज नाही आणि केसपेपरच्या वरच ते ठळक लिहिण्याचीही नाही. माहीत असले की कारणाशिवाय पाणमोट फोडणे, ठोके मोजायला बाळाच्या टाळूला इलेक्ट्रोड लावणे, गरज नसताना चिमटा, व्हॅक्यूम किंवा छेद हे टाळले जाते. आई रिटोनाविर असलेल्या जुन्या उपचारावर असेल तर रक्तस्राव थांबवायला अर्गोमेट्रिन देत नाहीत, कारण दोन्हींच्या मेळाने रक्तवाहिन्या धोकादायक आवळतात, ऑक्सिटोसिन चालते. आणि घाईने नाळ कापण्याची जुनी सवय अजून कुठे कुठे दिसते, तिला आधार नाही. एक ते तीन मिनिटे थांबून नाळ बांधणे एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळालाही तितकेच हिताचे आहे.

बाळ २,७०० ग्रॅमचे. लागण टाळण्याच्या औषधाचा पहिला डोस त्याला दोन तासांच्या आत मिळाला. जितका लवकर तितका चांगला. तीन दिवस उलटून गेले तर या औषधाचा फारसा उपयोग उरत नाही. आई निदान चार आठवडे उपचारावर होती आणि आकडा दबलेला होता, म्हणून एकटे नेव्हिरॅपिन, दिवसातून एकदा, सहा आठवडे. २,५०० ग्रॅम किंवा जास्त वजनाला १५ मिलिग्रॅम, २,००० ते २,४९९ ग्रॅमला १०, त्याहून कमी असेल तर वजनाप्रमाणे. आकडा २,४०० वरच राहिला असता तर बाळ जास्त धोक्याचे धरले गेले असते आणि निदान दोन औषधे, स्तनपान असेल तर बाराव्या आठवड्यापर्यंत, लागली असती.

इथेच एक चूक होता होता राहिली. घरी जाताना मिळालेल्या कागदावर नुसते लिहिले होते: "नेव्हिरॅपिन १५, रोज एकदा." पंधरा काय? औषधाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम असते. म्हणजे १५ मिलिग्रॅम म्हणजे दीड मिलिलिटर. तिने ते पंधरा मिलिलिटर वाचले होते आणि "तीन चमचे" असे बाजूला लिहूनही ठेवले होते. दहापट डोस! म्हणून तोंडी सांगण्यावर थांबू नये. सुई नसलेल्या सिरिंजवर दीडच्या रेषेला शाईची खूण करून द्यावी आणि बाटली हलवून, औषध ओढून, बाळाच्या गालाच्या आत हळूहळू सोडण्यापर्यंत सगळे आईकडून एकदा करून घ्यावे. अर्ध्या तासाच्या आत बाळाने ओकले तर डोस पुन्हा द्यावा.

अंगावर पाजायचे की वरचे दूध, याचा सल्ला त्या त्या देशाच्या आरोग्यव्यवस्थेप्रमाणे बदलतो. तिने पाजायचे ठरवले. मग पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, आणि आईची गोळी एक दिवसही न चुकवता. दोन्ही दुधांची सरमिसळ टाळावी, पण एखाद वेळी वरचे दूध दिले गेले म्हणून घाबरून पाजणे तोडू नये. आईच्या गोळ्या नीट चालू असतील तर बाळ सुरक्षित ठेवणारा भाग तोच आहे. नवऱ्याची तपासणी निगेटिव्ह आली होती. त्याच्यासाठी कंडोम आणि प्रेप (लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची) गोळी, दोन्हींचे बोलणे वेगळ्या भेटीत झाले.

सहाव्या आठवड्यात टाचेला टोचून कार्डावर रक्ताचे ठिपके घेतले आणि पीसीआर, म्हणजे थेट विषाणू शोधणारी तपासणी, झाली: निगेटिव्ह. नेहमीची अँटिबॉडी तपासणी या वयात उपयोगाची नाही, कारण आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात आणि निरोगी बाळही पॉझिटिव्ह दिसते. त्याच भेटीत नेव्हिरॅपिन थांबले आणि इतर जंतुसंसर्ग टाळणारे कोट्रायमॉक्साझोल सुरू झाले. पुढची पीसीआर नवव्या महिन्यात, आणि शेवटची तपासणी दीड वर्षाला किंवा पाजणे थांबल्यावर तीन महिन्यांनी, यातले जे नंतर येईल तेव्हा.

"म्हणजे तोवर मला नक्की कळणार नाही?" तिने विचारले. पोटात असताना किंवा प्रसूतीत लागण झाली नाही, हे या अहवालाने जवळजवळ नक्की केले होते. उरलेला धोका फक्त दुधाचा होता, आणि तोही तिच्या रात्री नऊच्या गोळीच्या हातात. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत गोळ्या सर्वांत जास्त चुकतात, कारण रात्र आणि दिवस एक झालेले असतात. म्हणून तिने बाटली उशाशी, दुपट्यांच्या घडीशेजारी ठेवली, आणि नऊचा गजर तसाच राहू दिला.