मालिकांमधली बायपोलर पात्रं कितपत खरी असतात? आईवडिलांना कोणती मालिका दाखवू?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाला नुकतंच बायपोलरचं (मन कधी उन्मादात चढतं, कधी नैराश्यात घसरतं, त्या आजाराचं) निदान झालंय आणि आईवडिलांच्या गळी ते उतरावं म्हणून एखादी मालिका दाखवायचा विचार आहे. दाखवा, पण 'होमलँड' ही अमेरिकन हेरगिरीची मालिका दाखवू नका. निदान सुरुवातीला तरी नको.

मालिका चांगलीच आहे. त्यात बायपोलर असलेली गुप्तहेर कॅरी साकारणाऱ्या क्लेअर डेन्सला २०१२ आणि २०१३ असे लागोपाठ दोन एमी पुरस्कार मिळाले ते उगाच नाही. ते भरभर बोलणं, समोरच्याला कसं कळत नाही याची चीड, सगळं बरोबर पकडलंय. माझा राग गोष्टीवर आहे. पहिल्या सीझनमध्ये कॅरी बॉम्बस्फोटात जखमी होऊन दवाखान्यात पडते, गोळ्या सुटतात, मॅनिया (आजारातली उन्मादाची अवस्था) चढतो, हिरवंच पेन पाहिजे म्हणून हट्ट धरते, कागदांचा ढीग रंगवून ठेवते. मग तिचे साहेब सॉल ते कागद रंगांप्रमाणे भिंतीवर लावतात, आणि बघतात तर काय, अतिरेक्याच्या हालचालींचा अख्खा हिशेब त्यात बसलेला! पाचव्या सीझनमध्ये तर डोकं चालावं म्हणून ती मुद्दामच गोळ्या सोडते.

आमच्या दादाचेही कागद होते.

आमचं घर इंदूरला, लोकमान्य नगरात. दादा खालच्या खोलीत बसून लोकांचे टॅक्सचे हिशेब बघायचा. त्यालाही बायपोलर, पण लिथियम या औषधावर कित्येक वर्षं ठीक होता. एका उन्हाळ्यात मुंजीला पुण्याचा चुलतभाऊ आला, लॅपटॉपवर 'होमलँड' घेऊन. "बघ, गोळ्या सोडते तेव्हाच हिला सगळं उलगडतं. तू पूर्वी काय तल्लख होतास, दादा, या गोळ्यांनी तुला मठ्ठ केलंय." गणपतीपर्यंत दादाने गोळ्या सोडलेल्या होत्या. कोणाला सांगितलं नाही.

इंदूरला माणूस झोपत नाहीये हे कळायलाच वेळ लागतो. सराफ्यातला खाऊबाजार मध्यरात्र उलटली तरी गजबजलेला, अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या (चित्ररथ) बघायला सगळं गाव रात्रभर रस्त्यावर. दादा रात्री दोनला भुट्ट्याचा कीस बांधून आणायचा आणि आम्हाला उठवून खायला लावायचा. आईला वाटलं, चला, पोरगा खुशीत आहे. मग क्लायंटना अपरात्री फोन सुरू झाले. बायपासवरच्या एका मॅरेज गार्डनला बयाणा देऊन आला, कशासाठी ते त्यालाही धड सांगता येईना. वहिनी "झोपा आता" म्हणाली तर तिला असं काही बोलला की ती उज्जैनला माहेरी निघून गेली. टीव्हीवरचा मॅनिया गातो, नाचतो, पावसात भिजतो. घरातला चिडका असतो, आणि त्याची बिलं नंतर येत राहतात.

ते कागद मी पुढे एकेक करून पाहिले. जुन्या लेजरच्या पानांवर लाल-निळे बाण, आकडे, दोनदोनदा अधोरेखित केलेली नावं. इतके कागद, पण सॉलने भिंतीवर लावले असते तरी त्यातून काही निघालं नसतं. चुलतभावाला फोनवर हे सांगितलं तर म्हणतो, "अगं, मी सहज बोललो होतो."

नंतर जी खाली घसरण झाली ती मालिकावाले दोन दृश्यांत उरकतात: अंधारी खोली आणि खिडकीवर पाऊस. आमच्याकडे दिवाळी गेली, संक्रांत गेली, रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) राजवाड्यावरून वाजतगाजत गेली, दादा पलंगावरच. आई रोज सकाळी त्याच्या टूथब्रशला बोट लावून बघायची, ओला आहे का. कोरडा लागला की काही न बोलता चहा ठेवायची. ज्या दिवशी ओला लागला त्या दिवशी तिने मला ऑफिसात फोन केला. हे कुठल्या पटकथेत बसणार?

आपल्याकडच्या मालिका तर याहून पुढे. बायपोलर म्हणजे सकाळी हसणार, दुपारी रडणार, रात्री चाकू उचलणार, आणि शेवटी नायिकेच्या प्रेमाने बरा होणार. डॉक्टर मॅनिया म्हणतात तो साधारण आठवडाभर तरी टिकलेला असावा लागतो, डिप्रेशन दोन आठवडे. वर्षात चार वेळा चढउतार झाले तरी ते फार वेगाने होतायत असं मानतात, तासातासाला तर सोडाच. शॉक ट्रीटमेंटही अजून हातपाय बांधून, किंचाळ्यांसकट दाखवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करायचं औषध न देता ती करायला बंदी आहे. हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर नाव काढताच रडारड होईल.

लिथियम तर कोणी दाखवतच नाही. जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने मॅनियावरचा त्याचा उपयोग १९४९ मध्ये मांडला, तेव्हापासून ते चालू आहे. साधारणपणे रक्तातली पातळी ०.६ ते १.० च्या आसपास राखायची. कमी झाली तर उपयोग नाही, दीडच्या वर गेली तर विषबाधेचा धोका. म्हणून रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं आणि सकाळची गोळी त्यानंतर घ्यायची. दादा ती गोळी शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळून लॅबच्या रांगेत उभा राहतो. अधूनमधून थायरॉइड, किडनीच्या तपासण्या. मे महिन्यात घाम फार गेला, जुलाब लागले, मीठ एकदम तोडलं की पातळी वर चढते, म्हणून निर्जळा एकादशी आमच्याकडे बंद (आत्याला हे अजून पटलेलं नाही). डोकं दुखलं म्हणून दुकानातून ब्रुफेन आणून घ्यायची नाही. हात थोडे थरथरतात, वहिनी त्याला चहाचा कप अर्धाच भरून देते. हो, वहिनी परत आली.

आता तुमच्या प्रश्नाकडे. बीबीसीची 'ईस्टएंडर्स' मिळाली तर बघा. त्यात जीन आणि तिची मुलगी स्टेसी दोघींनाही बायपोलर आहे, आणि मालिका वर्षानुवर्षं चालल्यामुळे बरी असताना ही माणसं चार लोकांसारखीच जगतात हेही दिसतं. आईवडिलांना इंग्रजी झेपत असेल तर 'मॉडर्न लव्ह'च्या २०१९ च्या पहिल्या सीझनचा तिसरा भाग, ॲन हॅथवेचा. सुपरमार्केटमधली झगमग जरा जास्तच आहे, पण आजार लपवता लपवता नोकऱ्या कशा जातात ते चांगलं आलंय.

मी डॉक्टर नाही. लिथियम सगळ्यांना लागू पडत नाही, भावाला दुसरं काही दिलं असेल तर तेच चालू राहू द्या. चुलतभाऊ अगदीच खोटं बोलत होता असंही नाही. गोळ्यांवर काहींना डोकं जड वाटतं, दादालाही वाटायचं. पण ते डॉक्टरला सांगायचं, डोस बदलून बघायचा. दादाचा पुढे बदलला आणि बराच फरक पडला. घरात फारच गोंधळ झाला तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे.

आणि तुमच्याकडे कोणी "गोळ्या सोड, बघ डोकं कसं चालतं" म्हणणारा निघाला, तर भावाला सकाळी लॅबमध्ये न्यायची ड्यूटी त्यालाच लावा. आमच्यावाल्याला मी ती अजून लावते आहे, पण पुण्याहून यायला त्याला सुट्टी मिळत नाही म्हणे.