अमेरिकेतला सर्वांत जुना ड्राइव्ह-इन सिनेमा अजून चालू कसा राहिला?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत आजही चालू असलेला सर्वांत जुना ड्राइव्ह-इन, म्हणजे गाडीत बसूनच सिनेमा बघायचं उघड्यावरचं थिएटर, कोणतं, आणि बाकीचे एकेक करून बंद पडत असताना तो टिकला कसा. त्याचं नाव शँकवायलर्स. पेनसिल्वेनियात अ‍ॅलनटाउनजवळ ओरफील्ड नावाचं छोटं गाव आहे, तिथे. १५ एप्रिल १९३४ ला सुरू झाला. आम्ही याच भागात राहतो आणि उन्हाळ्यात मुलांना घेऊन तिथे जातो, त्यामुळे या जागेवर माझा जीव आहे हे आधीच सांगतो.

त्याच्याआधीचा ड्राइव्ह-इन एकच मानला जातो. शेजारच्या न्यू जर्सी राज्यात रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या गृहस्थाने घराच्या आवारात प्रयोग केले होते. गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, झाडांना पडदा बांधला, पडद्यामागे रेडिओ लावला. पाऊस पडला तर काचेतून कसं दिसेल हे बघायला गाडीवर लॉनच्या स्प्रिंकलरने पाणी मारलं. खरी अडचण निघाली ती पुढच्या गाडीच्या टपाची, मागच्याला दिसणार कसं? मग त्याने पुढच्या चाकांखाली ठोकळे सरकवून गाडीचं नाक किती वर उचलायला हवं ते ठरवलं आणि त्यावरून रांगांचे चढ आखले. आजही कुठल्याही ड्राइव्ह-इनमध्ये गाडी लावलीत की ती किंचित मागे झुकते, ती याच हिशोबामुळे. मे १९३३ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि ६ जूनला कॅम्डेनजवळ थिएटर उघडलं. गाडीचे २५ सेंट, माणशी २५ सेंट, पण घरातली कितीही माणसं आली तरी एक डॉलरच्या वर नाही. ते थिएटर काही वर्षांतच बंद पडलं.

विल्सन शँकवायलर यांचं ओरफील्डमध्ये हॉटेल होतं. कॅम्डेनचा प्रकार पाहून आल्यावर त्यांनी मोकळ्या जागेत दोन खांबांमध्ये चादर ताणली, टेबलावर प्रोजेक्टर ठेवला आणि सगळ्यांसाठी मिळून एक कर्णा लावला. एवढ्या भांडवलावर सुरुवात झाली.

आता टिकण्याबद्दल. माझं मत असं की निम्मं उत्तर आवाजात आहे. उघड्या मैदानात चित्र दाखवणं त्या मानाने सोपं. पण आवाज शंभर मीटर जायला जवळजवळ एक तृतीयांश सेकंद लागतो. म्हणजे पडद्याजवळच्या कर्ण्यावर ऐकलं तर शेवटच्या रांगेत नटाचे ओठ मिटल्यावर शब्द पोचणार! शिवाय अख्ख्या गावाला रोज रात्री संवाद ऐकावे लागणार. हे कोडं शँकवायलर्सने वेळच्या वेळी सोडवलं. १९४८ मध्ये प्रत्येक गाडीसाठी खांबावर छोटा स्पीकर आला, तो काचेला अडकवायचा. त्यात पावसाचं पाणी जायचं, वायरी तुटायच्या, लोक तो अडकलेलाच विसरून गाडी काढायचे. १९८० च्या दशकात आधी एएम आणि मग १९८६ मध्ये एफएम स्टिरिओ आला. गाडीतल्या रेडिओवर ठरलेला आकडा लावायचा की झालं. एफएम स्टिरिओचा मान शँकवायलर्स स्वतःकडे घेतं, ‘आम्ही पहिले’ म्हणून. तंत्र म्हणून बघितलं तर ही फार मोठी सोय होती, कारण स्पीकर, वायरी, दुरुस्ती हा सगळा खर्चच उडाला आणि आवाज थिएटरच्या तोडीचा झाला.

उरलेलं निम्मं उत्तर मालकांत आहे. १९५५ च्या डायेन वादळात पडदा आणि प्रोजेक्टरची खोली गेली. तेव्हा गाशा न गुंडाळता सिनेमास्कोप या रुंद चित्राच्या सिनेमांसाठी मोठा पडदा उभारला गेला. १९६५ मध्ये मालकी बदलली. १९८४ मध्ये पॉल आणि सुझन गाइसिंगर या जोडप्याने जागा घेतली. पॉल तिथेच आधी प्रोजेक्टर चालवत होते. ज्याला यंत्राचा आवाज बदलला की आत काय बिघडलंय ते कळतं, अशा माणसाच्या हातात मालकी गेली हे मला फार महत्त्वाचं वाटतं. स्टुडिओंनी रिळं पाठवणं बंद करायला घेतलं तेव्हा, २०१३ मध्ये, त्यांनी डिजिटल प्रोजेक्टर बसवला. त्या काळात असा प्रोजेक्टर घेणं न परवडल्यामुळे कितीतरी ड्राइव्ह-इन बंद झाले. २०२२ मध्ये गाइसिंगर यांनी हा ड्राइव्ह-इन एका तरुण जोडप्याच्या हवाली केला, आणि त्या जोडप्याने तो हिवाळ्यातही चालवायला घेतला.

बाकीचे का गेले? १९५८ च्या सुमारास अमेरिकेत चार हजारांच्या आसपास ड्राइव्ह-इन होते, आज तीनेकशे उरलेत. टीव्ही आणि व्हिडिओ कॅसेटला सगळे दोष देतात. मी जमिनीला जास्त देईन. दहा-पंधरा एकर जागा, ती कमावणार फक्त रात्री आणि बहुतेक ठिकाणी फक्त उन्हाळ्यात. शहर वाढत आलं की बिल्डर दारात उभा. त्यात १९६० च्या दशकात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे नेणं देशभर रूढ झालं. आमच्याकडे जूनमध्ये सूर्य साडेआठनंतर मावळतो, म्हणजे पहिला सिनेमा नऊच्या सुमारास आणि दुसरा संपेपर्यंत रात्रीचा एक उलटून जातो. दुसऱ्या दिवशी कामावर जाणारा माणूस कशाला थांबेल? तिकिटातला मोठा वाटाही वितरकाकडे जातो, धंदा चालतो तो पॉपकॉर्न आणि हॉटडॉगवर.

आपल्या मुंबईचं उदाहरण याच कारणाचं. वांद्र्याचा ड्राइव्ह-इन १९७७ ते २००३ चालला. वांद्रे-कुर्ला संकुलात जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले, तिथे गाड्या उभ्या करून सिनेमा दाखवणं कोणाला परवडणार होतं? ओरफील्डच्या आसपास अजून शेतं आहेत. हे नशीबही हिशोबात धरायला हवं.

कधी या बाजूला आलात तर अंधार पडायच्या तासभर आधी पोचा, चांगली रांग मिळते. बॅटरीवर चालणारा छोटा एफएम रेडिओ सोबत ठेवा, कारण हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत रेडिओ चालू ठेवला की दिवे पूर्ण बंद होत नाहीत आणि पुढच्या रांगेतल्यांना त्रास होतो. आणि खायला तिथलंच घ्या, तो पैसा थेट त्या जागेला पोचतो.