अ‍ॅलिस इन चेन्स या अमेरिकन रॉक बँडचा एमटीव्हीवरचा अनप्लग्ड (अकूस्टिक वाद्यांवरचा) कार्यक्रम पाहिला. त्यांचा गायक लेन स्टेली इतका खंगलेला का दिसतो? तो त्या वेळी हेरॉइनवर होता का?

त्या रात्री त्याने काही घेतलं होतं का, हे व्हिडिओ बघून सांगणं म्हणजे हवेत बाण मारणं. पण त्या काळात तो हेरॉइनच्या पुरता विळख्यात होता, यात वाद नाही. १० एप्रिल १९९६ ला ब्रुकलिनमध्ये हे चित्रीकरण झालं, तेव्हा बँडने जवळपास अडीच वर्षं मैफलच केली नव्हती. त्याचं मोठं कारण लेनचं व्यसनच.

त्यातलं ‘नटशेल’ हे गाणं नीट ऐका. माणूस हाडांचा सापळा झालाय, केस गुलाबी रंगवलेत, अंगात त्राण दिसत नाही, पण आवाज सुरू झाला की अंगावर काटा येतो. गिटारवादक जेरी कँट्रेलचा सूर त्याच्या सुरात असा मिसळतो की दोन गळे वेगळे काढता येत नाहीत. (जेरीलाही त्या दिवशी अन्नातून विषबाधा झाली होती.) ‘स्लज फॅक्टरी’ या गाण्यात लेन अडखळतो, शिवी हासडतो आणि पुन्हा सुरुवात करतो. मला तर तोच क्षण सगळ्यात जास्त आवडतो.

त्याच वर्षी जुलैमध्ये कॅन्सस सिटीत त्याचा बँडसोबतचा शेवटचा कार्यक्रम झाला. ऑक्टोबरमध्ये त्याची आधीची वाग्दत्त वधू डेमरी वारली आणि तो घरात कोंडून घेऊ लागला. एप्रिल २००२ मध्ये हेरॉइन-कोकेनच्या मिश्रणाने तो गेला, वयाच्या ३४ व्या वर्षी. मृतदेह सापडायला दोन आठवडे लागले.