किनाऱ्याजवळच्या समुद्रात कोणतं प्लँक्टन वाढणार हे कशावरून ठरतं?

तुम्ही विचारलंय की एकाच किनाऱ्यावर कधी डायटम तर कधी डायनोफ्लॅजेलेट का वाढतात. दोन्ही प्लँक्टनच, म्हणजे पाण्यात तरंगणारे, डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव. थोडक्यात, पाणी किती घुसळलं जातंय आणि त्यात खायला काय आहे यावर बरंचसं ठरतं.

डायटमचं कवच सिलिकाचं, म्हणजे काचेसारखं, त्यामुळे ते जड असतात, पोहता येत नाही, पाणी शांत झालं की खाली बसतात. लाटा-वाऱ्याने पाणी ढवळलं, खालून नायट्रेट, सिलिकेट (नायट्रोजन आणि सिलिकॉन देणारे क्षार, म्हणजे त्यांचं खाद्य) वर आलं की त्यांची चंगळ, भराभर वाढतात. मग ऊन वाढतं, वरचं पाणी गरम आणि हलकं होऊन वेगळा थर बनतो, वरचं खाद्य संपतं, आणि इथे डायनोफ्लॅजेलेटची बाजी, कारण त्यांना दोन शेपट्या असतात, बरेचसे रात्री खाली जाऊन नायट्रेट घेतात न् दिवसा उजेडात वर येतात. खाद्य फारच कमी असेल तर एक-दोन मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारके जीव टिकतात, आकार लहान म्हणून त्यांना थोडक्यात भागतं.

नदीच्या मुखाशी गणित अजून बदलतं, खारटपणा कमी-जास्त होतो, आणि गढूळ पाण्यात खत भरपूर असूनही उजेडच नाही, मग वाढणार कसं?

आणि एक, डायटमना नायट्रोजन आणि सिलिकॉन (सिलिकातलं मूलद्रव्य) अणूंच्या हिशोबात साधारण १:१ लागतं. शेतातलं खत वाहून आलं की नायट्रोजन वाढतो पण सिलिका नाही, उलट ती धरणांमागे अडकते, मग डायटम मागे पडतात आणि सिलिका न लागणाऱ्यांना वाव मिळतो. तापमानाचीच चर्चा जास्त होते, पण माझ्या मते किनाऱ्यावर हे प्रमाण आधी बघावं.