सेलरी आणि रेडिस: तेच काम दोनदा का धावतं, आणि लॉगमध्ये त्याचा माग कसा लावायचा

तुमची मांडणी थोडक्यात अशी: पायथनचं वेब फ्रेमवर्क जँगो, पार्श्वभूमीत कामं चालवणारी सेलरी ५, कामांचे मेसेज रांगेत ठेवणारा ब्रोकर रेडिस, चार मशीनवर प्रत्येकी आठ प्रोसेस, सगळ्यांना मिळून एकच रांग, आणि ‘टास्क ॲक्स लेट’ चालू. दीड तासाचा अहवाल दोनदा तयार होतो, बिलाचा ईमेल कधीकधी दोनदा जातो आणि लॉगमधून काही उमगत नाही. पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. वर्कर, म्हणजे रांगेतून कामं उचलून चालवणारे प्रोग्रॅम, वाढवून ते जाणार नाही.

‘ॲक्स लेट’मुळे मेसेजची पोचपावती ब्रोकरकडे काम संपल्यावरच जाते. तोवर उचललेला मेसेज रेडिसमध्ये ‘अनॲक्ड’ नावाच्या हॅशमध्ये असतो, आणि व्हिजिबिलिटी टाइमआउट, म्हणजे पोचपावतीची वाट पाहण्याची मुदत, उलटला की तो पुन्हा रांगेत टाकला जातो. हा टाइमआउट मुळात ३६०० सेकंदांचा आहे. अहवालाला ९० मिनिटं लागतात, म्हणजे तासाभरानंतर दुसरा वर्कर तोच अहवाल नव्याने सुरू करतो, आणि पहिला तर अजून चालूच असतो.

ईमेलचंही तेच. प्रीफेच मल्टिप्लायर, म्हणजे दर प्रोसेसमागे किती मेसेज आगाऊ उचलायचे तो आकडा, मुळात ४ असतो. आठ प्रोसेस गुणिले चार म्हणजे एक मशीन एका वेळी ३२ मेसेज उचलून ठेवते. आठही प्रोसेस अहवालांत अडकल्या की उरलेले २४ मेसेज तिथेच ताटकळतात. तासाने ते रांगेत परत जातात, दुसरी मशीन ईमेल पाठवते, आणि पहिली मोकळी झाली की तीही पाठवते.

म्हणून आधी रांगा वेगळ्या करा: ईमेलसाठी एक, अहवालांसाठी एक, आणि प्रत्येक रांगेला स्वतंत्र वर्कर. अहवालांच्या वर्करवर प्रीफेच १ ठेवा. ‘ॲक्स लेट’ चालू असल्याने मग प्रोसेसइतकेच मेसेज उचलले जातील. व्हिजिबिलिटी टाइमआउट सर्वांत लांब कामापेक्षा मोठा हवा. तुमच्यासाठी ३ तास पुरतील, पण काउंटडाउन लावून त्याहून उशिराने धावणारी कामं असतील तर तीही धरा. हे मूल्य चारही मशीनवर एकच ठेवा. एका जरी वर्करवर जुना एक तास राहिला, तरी तो वर्कर इतरांचे मेसेज रांगेत परत टाकेल. याची किंमतही आहे: मशीन अचानक बंद पडली तर तिच्या हातातलं काम ३ तासांनीच पुन्हा सुरू होईल. खरा उपाय म्हणजे अहवालाचे तारखांनुसार पाच-पाच मिनिटांचे तुकडे करणं. तेवढी मेहनत जरूर घ्या.

एवढं करूनही काम दोनदा येऊ शकतं, हे धरूनच कोड लिहा. बिल क्रमांक आणि ईमेलचा प्रकार यांवर डेटाबेसमध्ये युनिक इंडेक्स (तीच जोडी दुसऱ्यांदा घालू न देणारा नियम) ठेवा. आधी नोंद घाला, मगच पाठवा. नोंद आणि पाठवणं यांच्यामध्ये प्रोसेस मेली तर ईमेल पाठवायचा राहून जातो, म्हणून नोंदीत स्थिती आणि वेळ ठेवा आणि अडकलेल्या नोंदी तपासणारं वेगळं काम लावा. फक्त रेडिसच्या लॉकवर (एका वेळी एकालाच काम करू देणाऱ्या कुलपावर) विसंबू नका, त्याची मुदत काम चालू असतानाच संपू शकते.

मेमरी संपून प्रोसेस मारली गेली, तर ‘ॲक्स लेट’ असूनही सेलरी मुळात त्या कामाची पोचपावती देऊन टाकते. ‘रिजेक्ट ऑन वर्कर लॉस्ट’ चालू केलं की काम परत येतं, पण मेमरी खाणारं कामच परत आलं तर ते वर्करला पुन्हा पुन्हा मारत राहील. प्रयत्नांची मोजणी डेटाबेसमध्ये ठेवा आणि तिसऱ्या वेळी काम बाजूला काढा. नोंद सेव्ह होण्याआधीच काम धावून ‘सापडत नाही’ अशी चूक येत असेल, तर काम जँगोच्या ‘ऑन कमिट’मधून, म्हणजे नोंद डेटाबेसमध्ये पक्की झाल्यावरच, पाठवा.

आता लॉग. प्रत्येक कामाला टास्क आयडी असतोच, पण कामातून काम निघालं की साखळी जोडतो तो रूट आयडी, म्हणजे साखळीतल्या पहिल्या कामाचा आयडी. सेलरी तो मेसेजसोबत आपोआप पाठवते. त्याच्या जोडीला वेब रिक्वेस्टचा आयडी ‘बिफोर टास्क पब्लिश’ सिग्नलमधून (ठरावीक क्षणी सेलरी तुमचा कोड बोलावते ती सोय) मेसेजच्या हेडरमध्ये घाला, ‘टास्क प्रीरन’मध्ये कॉन्टेक्स्ट व्हेरिएबलमध्ये उचला आणि ‘पोस्टरन’मध्ये नक्की पुसा. तीच प्रोसेस पुढचं काम घेते, त्यामुळे न पुसलेला आयडी भलत्याच ओळींना चिकटतो.

सेलरी मुळात रूट लॉगरचा (पायथनच्या मुख्य लॉगरचा) ताबा घेते, म्हणून तुमचं फॉरमॅटिंग गायब होतं. ‘सेटअप लॉगिंग’ सिग्नलला जोडून स्वतःची रचना द्या. एका ओळीत एक जेसन, वेळ यूटीसीमध्ये, थेट स्टँडर्ड आउटपुटवर. आठ प्रोसेस मिळून एका रोटेटिंग फाइलमध्ये लिहीत असतील तर फाइल बदलताना ओळी हरवतात. यशस्वी कामाच्या ओळीत सेलरी परतावाही छापते. त्यात ग्राहकाचा फोन नंबर जाणार नाही हे पाहा.

रांगेची लांबी मोजण्यावर थांबू नका, उचलून ठेवलेले मेसेज त्यात दिसत नाहीत. पाठवल्याची वेळ हेडरमध्ये घालून सुरू होताना फरक नोंदवा. चारही मशीनची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने) जुळलेली हवीत. ईमेलची प्रतीक्षा ६० सेकंदांवर आणि अहवालाची ३० मिनिटांवर गेली की इशारा, इथून सुरुवात करा आणि आठवडाभराचे आकडे पाहून मर्यादा बदला.